अंधांसाठी वेगळं सॉफ्टवेअर, की सगळ्यांचंच सॉफ्टवेअर बोलतं करायचं?

कळफलक

नमस्कार मंडळी. मी कोथरूडला राहते, जन्मापासून अंध आहे आणि गेली सतरा वर्षं दृष्टिहीन मुलामुलींना कॉम्प्युटर शिकवते. टायपिंग, एमएस-सीआयटीची तयारी, एक्सेल, आणि नोकरी लागली की तिथल्या प्रोग्रॅमशी जुळवून घेणं. महिनाभर एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

माझा एक विद्यार्थी पुण्यातल्या एका पतसंस्थेत काउंटरवर आहे. दोन वर्षं छान चाललं होतं. पावती करणं, सभासदाला शिल्लक सांगणं, संध्याकाळी रोजकीर्द जुळवणं, सगळं तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, लावून करायचा. जूनमध्ये संस्थेनं नवीन सॉफ्टवेअर घेतलं, ब्राउझरमध्ये चालणारं. दिसायला फार सुरेख आहे असं सगळे म्हणतात.

एका शनिवारी मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. एकच हेडफोन, एक कान त्याचा, एक माझा. त्यानं टॅब, म्हणजे एका चौकटीवरून पुढच्या चौकटीवर नेणारी कळ, दाबायला सुरुवात केली. "एडिट, ब्लँक." "एडिट, ब्लँक." "कॉम्बो बॉक्स." "एडिट, ब्लँक." मग "बटन". "बटन". "बटन". कशाचं बटन, काही नाही. सभासद क्रमांकाची चौकट कुठली आणि रकमेची कुठली, हे त्यानं मोजून पाठ केलं होतं. तारखेच्या चौकटीत तर टॅब जातच नाही, तिथे शेजारच्या ताईंनी माउसनं क्लिक करून द्यायचं. चौदावा टॅब म्हणजे सेव्ह.

मग एका सकाळी सॉफ्टवेअर अपडेट झालं. वर कुठेतरी एक नवीन बटन आलं आणि पुढची सगळी एकेक घर सरकली. तेराव्या जागेवरचं "पावती रद्द" चौदाव्या जागी आलं. त्याला काय माहीत? दुपारपर्यंत त्याच्या हातून तीन पावत्या रद्द झाल्या. संध्याकाळी रोजकीर्द जुळेना तेव्हा कळलं. त्या तीन सभासदांना फोन करून त्यानं स्वतः माफी मागितली. चूक त्याची नव्हती, तरी.

मॅनेजर साहेब माणूस चांगला आहे. ते म्हणाले, "असं करू, तुझ्यापुरतं वेगळं छोटं सॉफ्टवेअर करून घेऊ. त्यात फक्त पावत्या. बोलणारं." घरच्यांना हे ऐकून हायसं वाटलं. मला मात्र वाटलं नाही. याच सॉफ्टवेअरची बटनं बोलती करायला हवीत, असं माझं मत आहे. पण मी हट्टानं बोलतेय का, हेही मला तपासायचंय. तुमचे अनुभव सांगा. विरोधातले जास्त सांगा.

मुठेकाठी

ताई, विरोधातला अनुभव माझ्याकडे आहे.

माझे बाबा सदाशिव पेठेतल्या छापखान्यात मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. काचबिंदूनं सहासष्टाव्या वर्षी वाचन बंद झालं. भावानं लॅपटॉपवर एनव्हीडीए घालून दिलं, शिकवायला माणूस लावला. तीन आठवड्यांत बाबांनी लॅपटॉप मिटून ठेवला. "एका वाक्यासाठी मला पंचवीस गोष्टी ऐकाव्या लागतात," म्हणाले. टास्कबार, नोटिफिकेशन, जाहिरात, लिंक, लिंक, लिंक. ज्याला आयुष्यभर पान एका नजरेत दिसलं, त्याला हे सहन होत नाही हो.

मग आम्ही खास अंधांसाठीचा मेनूवाला प्रोग्रॅम घेतला. कॉम्प्युटर सुरू केला की तो थेट उघडतो. वर-खाली बाण, आवडलं की एन्टर, मागे जायचं तर एस्केप. पत्र लिहा, पत्र वाचा, कागद स्कॅन करून ऐका, पुस्तक, रेडिओ. एवढंच. विंडोजचं तोंडही बघावं लागत नाही. पहिल्या दिवशी बाबांनी आत्याला ईमेल पाठवलं. इंग्रजीत लिहिलं, पण स्वतः लिहिलं.

म्हणून "वेगळं नको" असं सरसकट म्हणू नका. बाबांना त्या वेगळ्या खोलीतच श्वास घेता आला.

कान_आणि_कीबोर्ड

मी खराडीत टेस्टिंगमध्ये आहे, पूर्ण अंध. कळफलक ताईंना शंभर टक्के पाठिंबा.

मुठेकाठी, तुमच्या बाबांचा विषय मला समजतो. पण नोकरीचं गणित निराळं असतं. वेगळं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी लहान असते, गिऱ्हाईक थोडं असतं. विंडो-आइज नावाचा स्क्रीन रीडर होता, कित्येक वर्षं लोकांची पोटं त्याच्यावर चालली. २०१७ साली बंद झाला. ज्यांनी त्याच्यासाठी ऑफिसच्या प्रोग्रॅमच्या स्क्रिप्ट लिहून घेतल्या होत्या त्यांना पुन्हा श्रीगणेशा.

आणि पैसे. जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये डॉससाठी आला, टेड हेंटर या स्वतः अंध असलेल्या माणसानं बनवला. अफाट काम. पण त्याचा परवाना आपल्याकडे घरी घेणं किती जणांना परवडलं? मी तो फक्त संस्थेच्या लॅबमध्ये ऐकला, आठवड्यातून दोन तास, तेही नंबर लावून. मग एनव्हीडीए मिळालं. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करननं २००६ मध्ये सुरू केलेलं, पुढे जेम्स टे त्याला मिळाला. दोघंही अंध, लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटलेले. फुकट आणि मुक्त. पेन ड्राइव्हवर घेऊन मी सायबर कॅफेत बसायचो. मालकाला आधी सांगायचो, काका, कॉम्प्युटर बोलेल, घाबरू नका.

आयफोन ३जीएस आठवा. २००९. दुकानात सगळ्यांना मिळतो तोच फोन, त्यातच पडदा बोलून दाखवणारं व्हॉइसओव्हर. त्याआधी फोनची बटनं जाऊन नुसती गुळगुळीत काच आली की आपण संपलो, असं सगळे धरून चालले होते.

सुटे_पैसे

छोटासा मुद्दा. वेगळं ॲप नेहमी वाईट नसतं. रिझर्व्ह बँकेचं मनी ॲप १ जानेवारी २०२० ला आलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते बोलतं, इंटरनेट लागत नाही. मंडईत भाजी घेताना मी वापरते. हे काम "सगळ्यांच्या" कुठल्या ॲपमध्ये कोण घालणार होतं? डोळसांना नोट ओळखायला ॲप लागतच नाही.

कळफलक

सुटे_पैसे, हे अगदी मान्य. जी गरज फक्त आपली आहे तिथे वस्तूही आपलीच हवी. पांढरी काठी डोळस माणूस का बनवून घेईल? माझा प्रश्न पावतीचा आहे. पावती त्याच्या शेजारच्या ताईही करतात.

मुठेकाठी, बाबांना नमस्कार सांगा. "एका वाक्यासाठी पंचवीस गोष्टी" हे मी वहीत टिपून घेतलंय. शिकवताना उतारवयात दृष्टी गेलेली माणसं माझ्याकडे येतात आणि निम्मी परत येत नाहीत. त्यांनी प्रयत्न केला नाही असं मी मनात म्हणायचे. ते चुकत होतं.

जुना_वाडियन

मंडळी, आपण एक गोष्ट गृहीत धरतोय की "सगळ्यांचं सॉफ्टवेअर अधिक स्क्रीन रीडर" म्हणजे मुख्य प्रवाह. पण स्क्रीन रीडर हेच मुळात खास अंधांसाठी केलेलं सॉफ्टवेअर आहे. तो पडद्यावर जे आहे ते वाचतो. पडदा मात्र डोळ्यांसाठी मांडलेला असतो.

या प्रश्नाला एका पुणेकरानं वेगळ्याच बाजूनं हात घातला होता. टी. व्ही. रामन. जन्म पुण्याचा, काचबिंदूनं चौदाव्या वर्षी दृष्टी गेली, वाडिया कॉलेजात गणित केलं, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेलला १९९४ मध्ये पीएचडी. विषय होता गणिताची समीकरणं कानाला कळतील अशी बोलायची कशी. १९९५ मध्ये त्यांनी इमॅक्सस्पीक हा बोलणारा प्रोग्रॅम काढला. त्यात पडदा वाचणं हा प्रकारच नाही. प्रोग्रॅमला स्वतःला माहीत असतं आपण काय करतोय, तेव्हा त्यानंच बोलावं.

उदाहरण कॅलेंडरचं. पडद्यावर आकड्यांचा चौकोन असतो. पडदा वाचणारा प्रोग्रॅम एका घरावर नेला तर तो म्हणणार "पंचवीस". वार कुठला? डोळस माणूस त्याच रकान्यात वर बघतो. महिना? आणखी वर बघतो. कानाला वर बघता येत नाही. इमॅक्सस्पीकमध्ये त्याच घरावर गेलं की वार, महिना, तारीख, वर्ष असं पूर्ण वाक्य येतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होतो. आपण इतकी वर्षं डोळ्यांची उष्टी मांडणी ऐकत आलो.

पण खुबी पुढे आहे. त्यांनी मजकूर लिहायचा प्रोग्रॅम नवीन केला नाही. इमॅक्स हे डोळस प्रोग्रॅमर रोज वापरतात तेच, त्याच्या अंगात त्यांनी वाचा घातली. मग त्याला वेगळं म्हणायचं की सगळ्यांचं?

कान_आणि_कीबोर्ड

जुना_वाडियन काका, +१. याच अर्थानं मला मुख्य प्रवाह हवाय. फाइल तीच हवी, काम तेच हवं, कानापर्यंत येण्याची वाट आपली असू दे.

फेज_टू

मी डोळस आहे, हिंजवडीत वेब प्रोग्रॅमर. हा धागा वाचून झोप आली नाही, म्हणून लिहितोय. ताईंनी सांगितलेला "बटन, बटन, बटन" हा प्रकार माझ्यासारख्याच कुणीतरी केलेला आहे आणि तो कसा होतो ते मला नेमकं माहीत आहे.

ब्राउझर पडद्यावरचं चित्र रंगवतो, आणि त्याच वेळी आतल्या आत एक दुसरी यादी बनवतो. त्यात प्रत्येक गोष्टीचं नाव, ती काय आहे आणि तिची आत्ताची स्थिती असते. म्हणजे "सेव्ह, बटन, बंद" असं. स्क्रीन रीडर ही यादी वाचतो, चित्र नाही. बटनावर "सेव्ह" हा शब्द लिहिला की नाव आपोआप यादीत जातं. पण हल्ली डिझाइनमध्ये शब्द काढून नुसतं चित्र टाकतात. फ्लॉपीचं चित्र, कचऱ्याच्या डब्याचं चित्र. चित्राला नाव दिलं नाही तर यादीत नावाची जागा कोरी राहते, आणि कानावर येतं फक्त "बटन". एरिया-लेबल म्हणून एक ओळ असते, ती लिहिली की झालं. सहा बटनं असतील तर सहा ओळी.

तारखेचं दुखणं जरा मोठं आहे. तिथे बहुतेक खरी चौकट नाहीच. साध्या डब्याला चौकटीसारखं रंगवून वर माउसचा क्लिक अडकवलाय. ब्राउझरच्या लेखी तो नुसता डबा, म्हणून टॅब तिथे थांबत नाही. ते नीट करायला दोन-तीन दिवस लागतील. तरीही ते वेगळं सॉफ्टवेअर लिहिण्यापेक्षा खूप कमी आहे. त्या वेगळ्या सॉफ्टवेअरला पुन्हा व्याजदर बदलला की बदल, सरकारी नियम बदलला की बदल. मुख्य प्रोग्रॅमचं काम आलं की टीममध्ये पहिलं काय मागे पडतं ते मी दहा वर्षं बघतोय. एक माणूस वापरतो ते.

यासाठीचे नियम नवीन नाहीत. डब्ल्यूसीएजी २.० ही वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीची नियमावली २००८ ची आहे. मी कामाला लागलो त्याच्या आधीची. मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही हे खरं, पण मीही कधी एनव्हीडीए उतरवून माझंच पान ऐकलं नाही. काल रात्री ऐकलं. पडदा बंद करून माझ्याच फॉर्ममध्ये शिरलो आणि चार मिनिटांत हरवलो.

ताई, त्या सॉफ्टवेअरवाल्यांशी बोलायचं असेल तर मी येतो. प्रोग्रॅमरच्या भाषेत काय मागायचं ते लिहून देतो. पैसे वगैरे काही नको.

कायदेकानू

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे आणि माहिती-तंत्रज्ञान सगळ्यांना वापरता यावं हा त्याचाच भाग आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवण्यावर बोट ठेवलं आणि सरकारला सक्तीचे नियम करायला सांगितलं. ३० एप्रिल २०२५ ला त्याच न्यायालयानं डिजिटल केवायसीच्या खटल्यात सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हे कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात येतं. "डोळे मिचकावून दाखवा" म्हणणाऱ्या केवायसीचा विषय होता तो. साहेबांशी बोलताना कागद बरोबर असू द्या, पण आधी गोडीनं बोला. चांगला माणूस आहे म्हणताय ना.

कळफलक

फेज_टू, मनापासून धन्यवाद. मी तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवते.

मराठीबद्दल बोलल्याशिवाय मात्र मला राहवत नाही. आपल्या भाषेपुरतं हे भांडण एकदा होऊन गेलंय आणि त्याचा निकाल मी स्वतः ऐकलाय.

मी शिकले तेव्हा मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असायचा. पडद्यावर "महाराष्ट्र" दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांना फक्त मराठी मुखवटा चढवतो. डोळ्याला मुखवटा दिसतो. कानाला काय? एका कार्यालयाचं परिपत्रक उघडलं की "ई, जी, टिल्ड, कंस सुरू, एस, डॉलर" असं पानभर. मी माझ्या स्वतःच्या भाषेतलं एक वाक्य ऐकायला धाकट्या बहिणीला हाक मारायचे. त्या काळी अंधांसाठी अशा फाइली उलगडणारे वेगळे प्रोग्रॅम करावेत अशी चर्चा असायची. प्रत्येक फॉन्टसाठी निराळा, आणि फॉन्ट किती, तर जितके छापखाने तितके.

तो प्रश्न युनिकोडनं, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीनं, सोडवला. युनिकोड काही अंधांसाठी आलं नव्हतं. सगळ्यांसाठी आलं, आणि त्यातलं "म" हे खरंच "म" होतं. ई-स्पीकसारख्या मुक्त वाचेनं, म्हणजे मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमनं, ते लगेच उचललं. तिचं मराठी यांत्रिक आहे, पण ज्या दिवशी मी पहिल्यांदा एक आख्खा मराठी लेख बहिणीला न बोलावता ऐकला, त्या दिवशी आईनं विचारलं, रडतेस का गं.

लिहायचंही तसंच. माझी मुलं इनस्क्रिप्ट शिकतात. डाव्या हाताखाली स्वर आणि मात्रा, उजव्या हाताखाली व्यंजनं. एफच्या उंचवट्यावर पहिली वेलांटी, जेच्या उंचवट्यावर र. बोटांना दोन्ही घरं न बघता सापडतात. हा कळफलक विंडोजमध्ये सगळ्यांनाच मिळतो, कुणी खास आमच्यासाठी बनवला नाही.

एवढं करून काही गोष्टी उरतातच. "दिन" आणि "दीन" कानाला सारखेच लागतात, वाचेचा वेग वाढवला की तर फरक उरतच नाही. शुद्धलेखन तपासायला बाणाची कळ दाबत एकेक अक्षर ऐकायचं: द, ऱ्हस्व वेलांटी, न. किंवा ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे मजकूर ब्रेल ठिपक्यांत उठवून दाखवणाऱ्या यंत्रावर, बोट फिरवायचं, तिथे वेलांटी बोटाला स्पष्ट कळते. आता ब्रेल डिस्प्ले ही शंभर टक्के आपलीच वस्तू. तिला मी नको कसं म्हणेन? मुठेकाठी, बाबा मुद्रितशोधक होते म्हणालात. त्यांना कुणी ब्रेल शिकवायचा प्रयत्न केला का?

मुठेकाठी

नाही ताई. या वयात बोटांना येणार नाही असं आम्हीच ठरवलं. विचारते त्यांना.

चौदावा_टॅब

नमस्कार. ज्याच्याबद्दल चाललंय तो मी. ताईंनी धागा पाठवला, ऑफिसातून येताना बसमध्ये ऐकला.

मला खरं सांगू का, साहेबांनी वेगळ्या सॉफ्टवेअरचं काढलं तेव्हा मी लगेच हो म्हणणार होतो. त्या तीन पावत्यांनंतर मला रात्री टॅब मोजत असल्यासारखं वाटायचं. चौदा की पंधरा, चौदा की पंधरा. माझ्या घरात माझा पगार हा एकच नियमित पैसा आहे. नोकरी टिकली तर सॉफ्टवेअर कुठलं का असेना.

मग एक गोष्ट लक्षात आली. जुन्या सॉफ्टवेअरच्या वेळी शेजारच्या ताई जेवायला गेल्या की त्यांचा काउंटर मी बघायचो. कर्जाचा हप्ता, मुदत ठेव, सगळं. त्यांची मुलगी आजारी होती तेव्हा चार दिवस दोन्ही काउंटर मी सांभाळले. साहेब ते सगळ्यांसमोर बोलले होते. फक्त पावत्यांचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आलं, तर ताई जेवायला गेल्यावर त्यांच्या रांगेतल्या माणसांना मी काय सांगणार? थांबा, त्या येऊ द्यात?

आणि उद्या मला दुसऱ्या शाखेत टाकलं, किंवा मीच दुसरीकडे अर्ज केला, तर "मला माझं सॉफ्टवेअर येतं" असं लिहू का?

फेज_टू दादा, तुम्ही खरंच याल का?

फेज_टू

येतो. आणि दादा म्हणालास ते आवडलं.

फेज_टू

तीन आठवड्यांनी लिहितोय. सॉफ्टवेअरवाल्यांकडचा मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा आहे. आधी "आमच्याकडे अशी मागणी कधी आली नाही" म्हणाला. मग आम्ही त्यांच्या चाचणीच्या कॉपीवर, खोट्या सभासदांच्या नोंदी घालून, दूरवरून एकत्र बसलो. एनव्हीडीएमध्ये २०२५.१ पासून दूरचं मशीन जोडायची सोय आतच आहे. चौदावा_टॅबच्या कॉम्प्युटरचा आवाज माझ्याकडे, आणि मी तो स्पीकरवर लावून त्या मुलाला फोनवर ऐकवला. काही समजावून सांगावं लागलं नाही. पाचव्या "बटन"ला तो म्हणाला, "सर, थांबवा, मला कळलं."

पावतीच्या पानावरच्या अकरा बटनांना आणि नऊ चौकटींना नावं लागली. सभासद क्रमांक, रक्कम, भरणा प्रकार. रद्द करताना आता आधी विचारतं. हे शेजारच्या ताईंनाही हवं होतं म्हणे, त्यांच्याकडूनही दोनदा चुकून रद्द झालं होतं. त्या बोलल्या नव्हत्या, एवढंच.

तारीख अजून झालेली नाही. पुढच्या आवृत्तीत म्हणतात. मी दर सोमवारी फोन करतोय.

कळफलक

काल गेले होते तिथे. पुन्हा एकच हेडफोन, एक कान त्याचा, एक माझा. त्यानं टॅब दाबला नाही. बी दाबला, बटनावरून बटनावर जायची एनव्हीडीएची कळ. "नवीन पावती, बटन." "छापा, बटन." "सेव्ह, बटन." तिथे थांबला. एन्टर दाबला. आणि पुढच्या माणसाला म्हणाला, "बोला काका, खातं क्रमांक?"

तारखेसाठी अजून ताईंना हाक मारावी लागते. कर्जाच्या पानावर तर कुणी हातच लावलेला नाही, तिथे अजून "बटन, बटन"च आहे. त्या पानाची यादी मी आणि तो रविवारी बसून करणार आहोत. कुणाला यायचं असेल तर कोथरूडला सकाळी दहाला या, चहा मी करते.